पावणेतीन मिलिमीटरचा प्रश्न

छोट्या रेल्वेच्या नादी लागलेली आम्ही काही मंडळी दर महिन्याला जमतो आणि अर्धवट झालेले काम एकमेकांपुढे मांडतो. गेल्या बैठकीत मी बोरघाटातले इंजिन आणि हातभर रूळ नेला. सगळ्यांनी कौतुक केले, एकाने मात्र पट्टी लावून म्हटले, “अहो, हे आपले ब्रॉडगेज नव्हे!”

त्याचे खरे होते. आमचे प्रमाण ‘एचओ’, म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा भाग. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. ८७ने भागल्यास सुमारे १९.३ येते. बाजारातला तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या ‘स्टँडर्ड गेज’वर बेतलेला. त्यामुळे डबा अचूक केला तरी चाके आत ओढल्यासारखी दिसतात. रुंद रूळ करायचा, तर प्रत्येक सांधा आणि चाकांची प्रत्येक जोडी हाताने घडवावी लागते. शिवाय ती गाडी मित्रांच्या रुळांवर चालत नाही.

मी तयार रूळच ठेवला. पावणेतीन मिलिमीटरची ही चूक जाणूनबुजून केलेली आहे. अचूक इंजिन घरी एकटेच फिरण्यापेक्षा ते सगळ्यांच्या रुळांवर धावलेले मला हवे आहे.