वर्गणी ठेवावी की सोडावी?

घरबसल्या माल मागविण्याची रीत वऱ्हाडास नवी नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके व्ही. पी.ने अमरावती-अकोल्यास येत, आणि पोस्टमन दारात उभा राहिला म्हणजे पुस्तकाच्या किमतीबरोबर टपालखर्चही रोख मोजून द्यावा लागे. त्या व्यवहारात एक गुण होता. माल घरी आणण्यास किती पैसे पडतात हे प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर येई. लहानशा पुस्तकावर टपालखर्च जड होतो असे दिसले, की माणूस थांबे आणि आणखी दोन पुस्तके निवडून एकदमच मागवी.

आज मोबाइलवरच्या दुकानांनी हा खर्च डोळ्यांआड केला आहे. वर्षाची वर्गणी एकदा भरावी, मग वस्तू घरपोच येईल आणि आणणावळ निराळी पडणार नाही, अशी ही योजना आहे. वर्ष संपले की पुढील वर्षाची वर्गणी खात्यातून आपोआप वळती होते. ही वर्गणी चालू ठेवावी की बंद करावी, असा प्रश्न आता पुष्कळ घरांतून विचारला जातो. रक्कम फार मोठी नाही हे खरे. परंतु ती भरल्यानंतर घरची खरेदी कोणत्या वळणाने जाते हा विषय लहान नाही, म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम ह्या वर्गणीचा थोडा इतिहास पाहू. अमेझॉन कंपनीने ‘प्राइम’ ही योजना अमेरिकेत फेब्रुवारी २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलर घेऊन सुरू केली. भारतात ती जुलै २०१६ मध्ये आली. आरंभीचा दर वर्षाला ४९९ रुपये होता. २०१७ साली तो ९९९ झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ झाला. एप्रिल २०२३ मध्ये महिन्याचा दर २९९ व तीन महिन्यांचा ५९९ रुपये ठरला. फ्लिपकार्टने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्लस’ ही योजना काढली, ती मात्र रोख फी न घेता, खरेदीवर मिळणाऱ्या गुणांच्या आधारावर. पुढे त्याही कंपनीने पैसे घेऊन द्यावयाच्या योजना काढल्या. हे दर व नियम बदलत असतात. म्हणून पुढील हिशेब समजून घेताना वाचकांनी आपल्या योजनेचा चालू दर त्यात घालावा. हिशेबाची रीत बदलत नाही.

ह्या वर्गणीत आपण नेमके काय विकत घेतो? तीन गोष्टी: आणणावळीची सूट, लवकर येण्याची हमी आणि करमणूक. तिन्हींची किंमत वेगवेगळी काढली पाहिजे. गाठोडे बांधून विकलेल्या मालात कोणती वस्तू किती पैशांची हे कळत नाही, आणि गाठोडे बांधण्यामागे विकणाऱ्याचा हेतूही बहुधा तोच असतो.

आणणावळीचा हिशेब सोपा आहे. वर्गणी न भरणाऱ्या ग्राहकालाही ठराविक रकमेवरच्या खरेदीस आणणावळ पडत नाही. ही मर्यादा ४९९ रुपये आणि तिच्या खालच्या खरेदीस आणणावळ ४० रुपये, असे धरून चालू. १,४९९ ला ४० ने भागले तर साडेसदतीस येतात. म्हणजे वर्षात निदान ३८ वेळा पाचशेच्या आतली किरकोळ खरेदी केली, तरच वर्गणी आणणावळीतून वसूल होते. मोठी खरेदी ह्या हिशेबात धरावयाची नाही, कारण ती वर्गणीवाचूनही फुकट घरपोच येते. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. ते वर्षातील सगळ्या वस्तू मोजतात आणि ‘साठ वेळा माल मागविला, वर्गणी फिटली’ असे म्हणतात. त्या साठांपैकी पंचेचाळीस पाचशेच्या वरच्या असतील, तर फायदा केवळ पंधरांचा, म्हणजे ६०० रुपयांचा झाला.

दुसरी गोष्ट वेगाची. ‘उद्या मिळेल’ हे वचन सर्व गावांस सारखे लागू नसते. ते पिनकोडावर ठरते. हा सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पत्रे चुकू नयेत म्हणून केलेली ती सोय आज मालाचा वेगही ठरविते. मुंबईच्या पिनकोडावर जे काही तासांत पोचते, ते दर्यापूरच्या किंवा बाळापूरच्या पिनकोडावर त्याच वेगाने येईलच असे नाही. म्हणून जाहिरातीतील वेग न पाहता, आपला पिनकोड घालून, आपण नेहमी घेतो त्या चार वस्तू कधी मिळतील ते पाहावे.

पण वेगाची खरी परीक्षा निराळीच आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर गेला असताना भर दुपारी कूलरचा पंप बंद पडला, तर ‘उद्या’ काय कामाचे? तेथे कोपऱ्यावरचा दुकानदारच कामास येतो. पंप तासाभरात मिळतो आणि बसविणारा माणूसही तोच धाडतो. उलट शाळेचे एखादे पुस्तक चार दिवसांनी आले तरी बिघडत नाही. म्हणजे फार तातडीच्या वस्तूला ही वर्गणी पुरी पडत नाही, आणि तातडी नसलेल्या वस्तूला तिची गरज नाही. मधल्या थोड्या वस्तू उरतात: गावात न मिळणाऱ्या आणि तरीही दोन दिवसांत हव्या असलेल्या. वेगाची किंमत करावयाची ती तेवढ्यांपुरतीच.

तिसरी करमणूक. चित्रपट व मालिका पाहण्याची सोय ह्याच वर्गणीत येते. जून २०२५ पासून भारतात त्या चित्रपटांमध्ये जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जास्त आकारण्यात आले. येथे स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ही सोय वेगळी विकत मिळाली असती, तर आपण तिला किती पैसे दिले असते? घरात रोज संध्याकाळी ती पाहिली जात असेल तर हजार रुपयेही जास्त नाहीत. सहा महिन्यांत एक चित्रपट पाहिला असेल तर शंभरही जास्त होतात.

आता ह्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वर्गणी आपल्याला नवी नाही. वाचनालयाची वर्गणी आपण भरतो, एस.टी.चा पास काढतो. एस.टी.चा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर चालतो; मूर्तिजापूरहून रोज अकोल्यास जाणाऱ्या माणसाला त्यात उघड फायदा आहे, कारण तो प्रवास त्याला करावयाचाच असतो. वाचनालयात एकदा वर्गणी भरल्यावर दहा पुस्तके जास्त वाचली तर खिशातून आणखी एक पैसा जात नाही. दुकानाच्या वर्गणीचे तसे नाही. तिचा ‘उपयोग’ करणे म्हणजे आणखी खरेदी करणे. वाचनालयाचा सभासद जितका वाचील तितका समृद्ध होतो. दुकानाचा वर्गणीदार जितकी वर्गणी ‘वसूल’ करू जाईल तितका त्याचा खिसा हलका होतो.

आणि वसूल करण्याची ही ओढ माणसाच्या स्वभावातच आहे. अमेरिकेतील आर्क्स व ब्लूमर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटे काहींना पूर्ण दराने व काहींना सवलतीने देण्यात आली. पूर्ण पैसे मोजणारे लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटके सर्वांना तीच होती. फरक केवळ आधी गेलेल्या पैशांचा होता. डेलाविन्या व माल्मेंडियर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली व्यायामशाळांचा हिशेब मांडला. महिन्याला सत्तर डॉलरांहून जास्त वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत. एका खेपेस त्यांना सतरा डॉलर पडत, आणि सुट्या खेपांचा पास घेतला असता तर दहाच पडले असते. पहिल्या उदाहरणात भरलेला पैसा माणसाला ओढतो. दुसऱ्यात ‘मी पुष्कळ वापर करीन’ ही आशा त्याला फसविते. दुकानाच्या वर्गणीत दोन्ही एकत्र येतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गेलेली वर्गणी हिशेबात धरू नये. ती गेली. विचार करावयाचा तो येत्या वर्षाचा, आणि तोही वर्गणी नसती तरी जी खरेदी आपण केलीच असती तेवढीचा.

हे करण्याची एक साधी रीत आहे. मोबाइलवर मागील वर्षाच्या खरेदीची यादी मिळते. एका रविवारी ती वहीत उतरून काढावी आणि घरातील मंडळींनी मिळून प्रत्येक वस्तूपुढे एक खूण करावी. ‘लागतच होती आणि गावात मिळत नव्हती’ ही पहिली. ‘लागत होती, पण बाजारात मिळाली असती’ ही दुसरी. ‘घरपोच फुकट येते म्हणून घेतली’ ही तिसरी. पहिल्या खुणेतील पाचशेच्या आतल्या खरेद्या मोजून चाळीसने गुणावे. दुसऱ्या खुणेत बाजारात जाण्याचा रिक्षाखर्च किंवा पेट्रोल खरोखर वाचले असेल तर तेवढेच धरावे. तिसऱ्या खुणेच्या वस्तूंची पूर्ण किंमत मात्र खर्चाच्या बाजूस मांडावी. ही तिसरी बेरीज वर्गणीहून मोठी निघाली, तर आणणावळ किती वाचली हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

तीन घरे कल्पून पाहू. अमरावतीच्या एका तरुण जोडप्याच्या घरी तान्हे मूल आहे, दोघेही नोकरीस जातात, आणि आठवड्यास एकदा तरी तीनशे-चारशे रुपयांची एखादी आवश्यक वस्तू येते. वर्षाला पन्नास खेपा, म्हणजे २,००० रुपये आणणावळ वाचली. त्यांनी वर्गणी अवश्य ठेवावी. अकोल्याच्या जठारपेठेतील निवृत्त दांपत्य वर्षातून बारा वेळा माल मागविते, त्यांतील चार खेपा लहान. त्यांची बचत १६० रुपये. चित्रपटांची आवड नसेल तर वर्गणी सोडावी. पण वृद्ध माणसाला उन्हात बाहेर पडणे शक्य नसेल, तर त्या सोयीची किंमत चाळीस रुपयांत मोजता येत नाही, आणि ती मोठी धरण्यास आमची हरकत नाही.

तिसरे घर शेतकऱ्याचे. त्याच्या हाती पैसा बारा महिने सारखा येत नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा, आणि पुढे हिवाळाभर कापसाचा चुकारा हाती आला म्हणजे घरची खरेदी होते. नंतर लग्नसराईत पुन्हा एकदा होते. मध्ये खरेदी जवळजवळ नसतेच. अशा घराने वर्षाची वर्गणी भरणे म्हणजे रिकाम्या महिन्यांचेही भाडे देणे होय. गरज वाटलीच तर त्याने दिवाळीचा एक महिना व लग्नसराईचा एक महिना तेवढी वर्गणी घ्यावी. २९९ च्या दराने दोन महिन्यांचे ५९८ रुपये होतात.

वर्गणी सोडण्याचा निर्णय झाला तरी काम संपत नाही. ती सोडता आली पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये अमेझॉनवर दावा लावला. त्यातील आरोप असा की, वर्गणी रद्द करण्यासाठी ग्राहकाला चार पाने, सहा बटणे आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, आणि कंपनीत ह्या वाटेला ‘इलियड’ म्हणजे होमरच्या प्रदीर्घ युद्धकाव्याचे नाव होते. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. त्यातील दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी होते.

आपल्याकडेही नियम झाले आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलविणाऱ्या तेरा युक्त्यांना मनाई केली. वर्गणी सोडण्याची वाट लपविणे किंवा अवघड करणे ही त्यांतील एक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे वळते होण्याच्या निदान चोवीस तास आधी बँकेने ग्राहकाला कळविले पाहिजे. तो निरोप न वाचता पुसून टाकू नये. त्याहून बरे म्हणजे वर्गणी भरली त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवावे. सेवा मुदत संपेपर्यंत चालते आणि पुढचा निर्णय आपल्या हाती राहतो. अडचण आलीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा दूरध्वनी आहे, आणि अमरावती व अकोला दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत.

‘मेंबर’ ह्या शब्दानेही भुलून जाऊ नये. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले, तेथे सभासदाला मत होते आणि नफ्यात खरेदीच्या प्रमाणात वाटा होता. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबांनी संघ करून एकत्र खरेदी केली. ते सभासदत्व होते. येथे आपण केवळ आगाऊ पैसे दिलेले गिऱ्हाईक आहोत. त्यात कमीपणा काही नाही, पण दुकानाशी निष्ठा राखण्याचे बंधनही नाही.

कर्ज काढून सण करू नये असे गाडगेबाबा ह्याच मुलखात गावोगाव सांगत हिंडले. आज खरेदीला सणाचीही गरज उरलेली नाही. बटण दाबले की झाले. ज्या घराला वर्गणीचा खरा उपयोग आहे त्याने ती निःशंकपणे ठेवावी. ज्याला शंका असेल त्याने दोन महिने ती बंद ठेवून पाहावे आणि ज्या ज्या वेळी तिची उणीव भासली ती तारीख वहीत टिपावी. दोन महिन्यांनी त्या पानावर किती तारखा आहेत हे पाहिले म्हणजे पुढे काय करावे ते कोणास विचारावे लागणार नाही.