टर्की उतरल्यानंतरचं मुक्तांगण

१९८०च्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबई-पुण्यात पोचली आणि चांगल्या घरांतली कॉलेजातली मुलं पन्नीवर गर्द ओढू लागली. आईबापांना दारू ठाऊक होती. हे काय आहे, तेच कळेना. लेखक-पत्रकार अनिल अवचटांनी या मुलांमध्ये मिसळून लिहिलं, त्यातून पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले आणि त्यांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

गर्द थांबलं की टर्की लागते. अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, उलट्या-जुलाब होतात, रात्र रात्र झोप नसते. औषधांनी ते सुसह्य होतं आणि आठवड्याभरात माणूस जेवूखाऊ लागतो. बहुतेक घरं फसतात ती इथेच. पोरगा सुधारला म्हणून खिशात पैसे दिले जातात. ओढ मात्र महिनोन्महिने जागी असते. त्यात सवय मोडलेल्या शरीराला जुनाच डोस जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून मुक्तांगणात खरं काम टर्कीनंतर सुरू होतं. सुमारे ३५ दिवसांचा मुक्काम, समूहोपचार, योग, श्रम आणि समुपदेशन. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली अनेक माणसं तिथे कार्यकर्ते, समुपदेशक आहेत. नव्या माणसाच्या थापा त्यांना लगेच कळतात, कारण त्यांनीही एकेकाळी त्याच मारल्या होत्या. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचारी’ गट आहे. वर्षानुवर्षं मार, कर्ज आणि लाज सोसलेल्या बाईलाही उपचार लागतो, हे या संस्थेने ओळखलं. घरी गेल्यावर फॉलोअप सुटला, तर मुक्कामातली कमाई वाया जाऊ शकते. १९९७ साली डॉ. सुनंदा गेल्या, २०२२ साली अवचट. कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहेत.

मात्र निर्व्यसनी होण्याची वाट एकच नाही. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किंवा मेथाडोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घेतलं, तर ओढ आटोक्यात राहते आणि मृत्यूही कमी होतात. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणून या उपचाराला नावं ठेवणाऱ्यांनी किती घरं त्यामुळे सावरली, हे पाहावं. गोळी आणि गट, दोन्ही हवेत.

एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक आहेत. येरवड्यातलं एक केंद्र त्यांना कसं पुरणार? सुरतेचंच पाहा. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबं आहेत. ओडिशा, उत्तर प्रदेशातले कितीतरी कामगार यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करून एकेका खोलीत दाटीने राहतात. घरदार गावी असलेल्या अशा माणसाचा फॉलोअप कोण घेणार? खोलीतले सोबती, मुकादम, वस्तीतली मंडळं यांनाच ते शिकावं लागेल. सुरतेत गणेशोत्सव दणक्यात करणाऱ्या मराठी मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा फॉलोअपच्या बैठकीसाठी आपली जागा द्यावी.

घरात कुणाला टर्की लागलेली दिसली, तर त्याला कोंडू नका, मारू नका. सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा किंवा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन करा.