एलिचपूरचा रुपया आणि खामगावची मूस

खामगावच्या चांदीबाजारात मोड येते ती वाळ्यांची, तोड्यांची, कमरपट्ट्यांची; त्यातच कधी एखादा जुना रुपया. वीसेक वर्षांपूर्वी असाच एक मी चांदीच्या भावाने उचलला. वजन साडेअकरा ग्रॅमला जरा कमी, अंगावर पारखीचे दोन टोचे. "असे चाळीस होते," सराफ म्हणाला, "परवाच आटवले." शेतात सापडलेले, एवढेच त्याला ठाऊक. गाव मीही विचारले नाही. पुढे लोक पोलिसांत जातील, ही धास्ती त्याला होती आणि मलाही.

लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणीछाप रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून वाचायला सोपा. मोगली रुपयाचे तसे नाही. त्याचा ठसा चांदीच्या चकतीहून मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. एका बाजूला बादशहाचे नाव. दुसरीकडे जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, आणि 'जर्ब' या शब्दासोबत टांकसाळीचे गाव. माझ्या नाण्यावर औरंगजेब ओळखू येतो. गावाचे मात्र 'पूर' तेवढे उरले आहे. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, की बऱ्हाणपूर? दोन्हीकडे टांकसाळ होती आणि दोन्ही इथून जवळ. 'पूर'च्या आधी 'च'चे वळण आहे की 'न'चा दात, एवढाच प्रश्न. पण नेमका तिथेच काठ संपतो.

एकाच हंड्यात अनेकदा एकाच ठशाची नाणी असतात. एकावर कापले गेलेले अक्षर दुसऱ्यावर शाबूत असते. म्हणजे माझ्या रुपयाचे उत्तर कदाचित त्या चाळिसांत होते.

मध्ययुगीन इंग्लंडची चांदीची पेनी जमवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. तेराव्या शतकापर्यंत तिच्यावर गावाबरोबर टांकसाळकराचेही नाव असे. हीण मिसळले तर जाब कोणाला विचारायचा ते नाण्यावरच लिहिलेले. 1124 मध्ये पहिल्या हेन्रीने अशा टांकसाळकरांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडवले होते.

पण खरा फरक आजच्या कायद्यात आहे. तिथल्या 1996 च्या कायद्याने असा साठा 14 दिवसांत कळवायचा असतो, आणि संग्रहालयाने तो घेतला तर बक्षीस बाजारभावाने ठरते. आपल्या 1878 च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे; सरकारने तो घ्यायचा ठरवला, तर मोबदला धातूच्या किमतीइतका, वर तिचा पाचवा हिस्सा. सराफही धातूचीच किंमत देतो. पण रोख, आणि गाव न विचारता. कुळवाला हंडा लागलेला शेतकरी कुठे जाईल?

माझ्या रुपयाच्या पाकिटावर अजून पेन्सिलीने लिहिलेले आहे : '...पूर'.