झाडाची साल

रस्त्याकडेच्या अर्जुनवृक्षाची साल औषधासाठीं कोणी तरी सोलून नेलेली पुष्कळदां दृष्टीस पडते. नेणाऱ्याची समजूत अशी, कीं साल म्हणजे झाडाचा अंगरखा. एक फाटला तर दुसरा येईल. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

सालीचे वस्तुतः दोन भाग आहेत. बाहेरचा खरबरीत भाग बुचाचा. त्यांतील पेशी मेलेल्या असतात व त्यांच्या भिंतींत मेणासारखें द्रव्य मुरलेलें असतें. त्यामुळें आंतील पाणी सुकत नाहीं आणि बुरशी सहसा आंत शिरत नाहीं. १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत रॉबर्ट हूक यानें अशाच बुचाच्या कापांतील रिकाम्या कोठड्यांचें वर्णन केलें; त्यांना त्यानें दिलेलें इंग्रजी नांवच पुढें सर्व सजीवांच्या पेशींना चिकटलें. या बंद कवचाआड खोडाला श्वास मात्र घ्यावाच लागतो. त्यासाठीं सालीवर पुटकुळ्यांसारखीं वल्करंध्रें असतात. कोवळ्या फांदीवर तीं बोटाला लागतात.

कवचाखालची ओली साल जिवंत असते. पाणी लाकडांतून वर चढतें. पानांनीं उन्हांत सिद्ध केलेली साखर या सालींतून मुळांकडे उतरते. साल आणि लाकूड यांच्या मध्यें अत्यंत पातळ असा वाढता थर आहे. तो आंत लाकूड व बाहेर नवी साल घडवीत राहतो. खोड असें फुगत गेलें, कीं मेलेलें कवच ताणलें जातें. आंब्याला, चिंचेला भेगा पडतात, पेरू पापुद्रे टाकून मोकळा होतो.

माळ्याला हा व्यवहार पुस्तकावांचून ठाऊक असतो. डाळिंबाची गुटी बांधतांना तो फांदीवरील बोटभर रुंदीची साल वळ्यासारखी काढून घेतो. वरून येणारी साखर तेथें अडते, आणि वळ्याच्या वरच्या कडेला मुळें फुटतात. सतराव्या शतकांत इटलींतील मार्चेल्लो मालपिगी यानेंही असेंच वळें काढून वरची कड सुजलेली पाहिली होती. फांदीचें रोप करणारी हीच युक्ति बुंध्याभोंवतीं झाली, तर झाड मरतें. पानें लगेच कोमेजत नाहींत, कारण पाणी चढतच असतें. कित्येक महिने झाड हिरवें दिसतें आणि खालीं मुळें उपाशी असतात. झाड वाळलें म्हणजे दोष बिचाऱ्या पावसाला!

पोर्तुगालांत बुचाच्या ओक वृक्षाची साल दर नऊ वर्षांनीं काढतात, तरी झाड जगतें. कारण कुऱ्हाड बुचापाशींच थांबते, ओल्या सालीला ती लागूं देत नाहींत. अर्जुनाची तर ओली सालच ओरबाडली जाते. जाणकार ती एकाच बाजूनें, उभ्या अरुंद पट्टीनें काढतो आणि जखम भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावीत नाहीं.

शहरांत कुऱ्हाडीचीही जरूर पडत नाहीं. रोपाला आधारासाठीं बांधलेली तार सोडावयाची राहून गेली, तर खोड जाड होतां होतां तीच तार सालींत रुतते आणि वळ्याचें काम करते.