पहिली चित्रपाटी घेताना

‘मुलगी इंटरमीजिएट झाली. आता तिला संगणकावर चित्रे काढायची आहेत. कोणता टॅब्लेट घेऊ?’ वरणगावच्या एका पालकांनी विचारलेला हा प्रश्न. ही वस्तू गावात हाताळून पाहायला मिळणे कठीण. बहुधा फोटो पाहूनच मागवावी लागते, आणि खोक्यावरचे आकडे भुलवणारे असतात. त्यांचा अर्थ कळायचा तर पाटीच्या पोटात डोकवायला हवे.

१९६४ साली अमेरिकेतील रँड संस्थेने अशी पाटी तयार केली. दहा इंच लांब-रुंद पृष्ठभागाखाली तांब्याच्या रेषांची जाळी, इंचाला १०० रेषा, म्हणजे एकूण दहा लाख बिंदू. पेन मात्र तारेने जोडलेले होते. आजच्या बहुतेक पाट्यांच्या पेनाला तार नसते आणि बॅटरीही नसते. मग ते चालते कसे?

पाटीखालच्या वेटोळ्यांतून उच्च वारंवारितेचा प्रवाह क्षणभर सोडला जातो. पेनात एक कुंडल व एक धारित्र असते. जुन्या रेडिओवर जळगाव केंद्र लावताना आपण काटा फिरवून मेळ घालत असू, तशीच ही जोडी पाटीच्या वारंवारितेशी जुळवलेली असते. अनुनादामुळे तिच्यात ऊर्जा साठते. मग पाटी गप्प बसून ऐकते, आणि पेन तीच ऊर्जा परत पाठवते. ज्या वेटोळ्यात संकेत सर्वांत प्रबळ, त्याच्या जवळ टोक आहे. शेजारच्या वेटोळ्यांतील संकेतांशी तुलना करून नेमकी जागा काढली जाते. टोक दाबले की पेनातील जुळवणी किंचित बदलते. त्यावरून दाब कळतो आणि रेष जाड होते.

खोक्यावर दाबाच्या ८१९२ पातळ्या लिहिलेल्या असतात. २०४८ असल्या तरी हाताला फरक जाणवणे अवघड. खरा प्रश्न असा, की किती हलक्या स्पर्शाला रेष उमटू लागते? पेन सैल धरून, केवळ त्याच्या वजनाने ओढून पाहावे. रेष उमटली नाही तर छायांकनात हात दुखणार. इंचाला ५०८० रेषा, म्हणजे ०.००५ मिलिमीटर, या दाव्याचेही तसेच. प्रत्यक्ष अचूकता बऱ्याचदा पाव मिलिमीटरच्या घरात असते. रँडच्या जाळीतील अंतरही तेवढेच होते!

आकाराकडे मात्र नीट लक्ष द्यावे. लॅपटॉपचा पडदा साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असतो. सहा इंची पाटीवर, म्हणजे १५ सेंटिमीटरवर, तो बसवला तर हात एक सेंटिमीटर सरकताच रेष सव्वादोन सेंटिमीटर धावते. हाताचा कंपही तितकाच वाढतो. दहा इंची पाटीवर हे प्रमाण सुमारे १.३ येते. कागदावर कोपरापासून हात फिरवण्याची सवय झालेल्या मुलीला मी दहा इंचीच सुचवीन. मनगटाने लहान चित्रे काढणाऱ्याचे सहा इंचीवर भागते. पडद्यासह येणारी पाटी बरीच महाग पडते. पहिल्या खेपेस तिची गरज नाही. घरी संगणक नसेल तर पाटी आपल्या मोबाइलवर चालते का, हे आधी विचारावे. पडद्यावर बोटासारखे चालणारे रबरी टोकाचे स्वस्त पेन घेऊ नये. त्याला दाब कळत नाही.

सॉफ्टवेअरवर खर्च नको. क्रिटा मोफत मिळते.

पाटी घरी आली की दोन प्रयोग करावेत. पाटीवर रुपयाचे नाणे ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवा आणि पडद्यावरील वर्तुळ पट्टीने आडवे-उभे मोजा. पाटी ४:३ आणि पडदा १६:९ असेल तर वर्तुळ आडवे १.३३ पट ताणलेले दिसेल. सेटिंगमध्ये वापराचे क्षेत्र पडद्याच्या प्रमाणात करून घेतले की दोष जातो, मात्र पाटीची एक पट्टी वाया जाते. दुसरा प्रयोग: रेष सफाईदार करणारी सोय बंद ठेवून, पट्टीच्या आधाराने एक तिरपी रेष अगदी सावकाश ओढा. वेटोळ्यांमधील जागेचा अंदाज चुकत असेल तर रेष नागमोडी येते. भरभर ओढल्यास हा दोष लपतो. मोबाइलचा चार्जर दूर करून पुन्हा पाहा. तरीही नागमोड राहिली तर पाटी परत करावी. म्हणून हे प्रयोग पहिल्याच दिवशी करावेत, आणि तोवर खोके टाकू नये.