राजाचे थिएटर, नटाचे स्मारक

कोल्हापूरच्या खासबागेत, कुस्तीच्या मैदानाला पाठ लावून उभ्या असलेल्या ज्या नाट्यगृहावर आज संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव आहे, ते 1913 ते 1915 या काळात छत्रपती शाहू महाराजांच्या हुकुमाने उभे राहिले, तेव्हा केशवराव स्वतः ऐन पंचविशीत होते आणि इमारतीचे नाव होते पॅलेस थिएटर. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त 1902 साली विलायतेस गेलेल्या महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्याची स्मृती मनात ठेवून त्यांनी मल्लांसाठी उतरत्या बैठकीचे मैदान आणि नटांसाठी बंदिस्त रंगमंदिर अशी दोन्ही स्थाने शेजारी-शेजारी वसविली. संस्थानी खजिन्यातील पैसा याहून वाईट कामी खर्च झाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा, कोल्हापुरातलाच. ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने बालवयातच नावारूपास आलेल्या या मुलाने 1908 साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली, रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाची तालीम घेतली, आणि ज्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता, त्या काळात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत तान स्वच्छ पोहोचविणारा गळा कमावला. संगीत नाटक हे त्या वेळी निम्मे नाटक आणि निम्मी मैफल असे. ‘वन्स मोअर’च्या गजरापुढे कथानक मुकाट्याने थांबे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. एरवी स्पर्धक असलेल्या दोन मंडळ्यांचे हे नायक एका रंगमंचावर आले, ही गोष्ट पुढे दंतकथेसारखी सांगितली गेली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच 4 ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव वारले.

स्वातंत्र्योत्तर काळात दरबारी नाव गेले आणि शहराने आपल्या गायकाचे नाव या वास्तूस दिले. माझ्या मते मरणोत्तर बांधलेल्या चबुतऱ्याहून हे स्मारक श्रेष्ठ, कारण त्याची वहिवाट गाण्याचीच राहिली. मुंबईचे 1911 मधील सर कावसजी जहांगीर सभागृह एकेकाळी सभा आणि मैफलींनी गाजले, पण 1996 पासून ते चित्रदालन आहे. कोल्हापुरात तसे घडले नाही. इकडे आमच्या मीरा-भाईंदरमधील वरसाव्याच्या परिसरातही महापालिकेने नाट्यगृहाला गायिकेचेच, लता मंगेशकरांचे, नाव दिले आहे. त्यांच्या उमेदवारीची काही वर्षे मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापुरातच गेली, हे येथील किती प्रेक्षकांना ठाऊक असेल?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, नाट्यगृहाला आग लागली. रंगमंचाचे लाकूड आणि छप्पर भस्मसात झाले. दगडी भिंती उरल्या. पुनर्बांधणी करणाऱ्यांना एकच विनंती आहे: खुर्च्या आणि दिव्यांचे मक्ते देण्यापूर्वी एखाद्या गायकाला रंगमंचावर उभे करून, ध्वनिक्षेपकावाचून एक नाट्यपद म्हणावयास लावा, आणि अधिकाऱ्यांनी ते शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.