गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ : त्यात काय असतं, काय नसतं

घाटकोपर, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांत आता चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. बहुतेक कर्जावर घेतलेल्या, बऱ्याचशा सेकंड-हँड, आणि सोसायटीत जागा नसल्यामुळे रस्त्यावर उभ्या. विम्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘एजंटने फुल काढून दिलाय.’ पॉलिसीच्या कागदावर ‘फुल’ नावाचा प्रकार नसतो. तिथे वेगवेगळी कलमं असतात आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे लागतात.

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार सक्ती आहे ती थर्ड पार्टी विम्याची. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला किंवा त्याला इजा झाली, तर भरपाई यातून मिळते. आपल्या गाडीसाठी यात एक रुपयाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. इथेच गोंधळ होतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ म्हणून मंडळी निश्चिंत राहतात, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्याचं कळतं ते गाडी ठोकल्यावर.

ओन डॅमेज का हवं, हे घाटकोपरवाल्यांना वेगळं सांगायला नको. 13 मे 2024 च्या वादळात छेडानगरच्या पेट्रोलपंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली, कितीतरी गाड्या चेपल्या. अशा वेळी थर्ड पार्टी विमा गाडीसाठी काहीच देत नाही. वादळ, पूर, आग, चोरी, दंगल हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं.

मात्र पुराच्या बाबतीत एक मेख आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला होता. तेवढा रोज पडत नाही, पण अंधेरी सबवे दर पावसाळ्यात तुंबतोच. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर सीट, वायरिंग वगैरेचा खर्च मिळू शकतो. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चावी फिरवून पुन्हा सुरू करायला गेलात आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर कंपनी म्हणते, हे नुकसान पुरामुळे नाही, तुमच्या कृतीमुळे झालं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ऐच्छिक कवच आहे. सखल भागात गाडी उभी करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. ते असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नये, टो करून न्यावी.

दुसरं नेहमीचं कवच झिरो डेप. क्लेम देताना कंपनी सुट्या भागांची झीज वजा करते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के. समजा अशा गाडीचं बिल 40,000 आलं. त्यात प्लास्टिक 20,000, धातू 12,000 आणि मजुरी 8,000. झिजेचे 13,000 आणि लहान गाडीला सक्तीने भरावे लागणारे 1,000, असे 14,000 तुमच्या खिशातून जातात. झिरो डेप असेल तर साधारण 1,000. गाडी नवी असेल तर हे कवच परवडतं. जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देतच नाहीत.

रिटर्न टू इनव्हॉइस म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाच्या किमतीइतकी भरपाई. नव्या, कर्जावरच्या गाडीला उपयोगी, बाकीच्यांनी सोडून द्यावं. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, 20 टक्क्यांपासून पाच वर्षांत 50 पर्यंत जाते. किरकोळ ओरखड्यासाठी ती घालवू नका.

आतापर्यंतचं सगळं पत्र्याबद्दल झालं. एजंट बोलतो तेही पत्र्याबद्दलच. आमचा आक्षेप इथेच आहे. हप्ता कमी दाखवायचा असला की पहिली कात्री माणसांच्या कवचावर चालते.

मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा परवानाधारक मालकाला घ्यावाच लागतो. तेवढ्या रकमेचा असा विमा आधीच असेल तरच सूट. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘आधीच आहे’ या चौकोनावर परस्पर टिक केली की हप्ता घटतो आणि कुटुंबाचे 15 लाख जातात. शिवाय हे कवच आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्यालाच लागू असतं. आपल्याकडे कर्ज मिळतं म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतात आणि चालवतो मुलगा. त्या मुलाला यातून काही मिळणार नाही. त्याच्या नावाने वेगळा अपघात विमा काढा.

आता गाडीतली बाकीची माणसं. लग्नाला किंवा दीक्षाभूमीला निघालो की गाडीत आई असते, मावशी असते, शेजारचे काका असतात. चूक आपल्याच चालकाची असेल आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल, तर या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या मृत्यूच्या तिलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली हेच तत्त्व खासगी कारमधल्या प्रवाशांनाही लावलं. पॅकेज पॉलिसी असेल तर प्रवासी कक्षेत येतात, हे 2012 च्या बालकृष्णन निकालात स्पष्ट झालं. जुनी गाडी आहे म्हणून फक्त थर्ड पार्टी घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. पॅकेजसोबत प्रवाशांचा अपघात विमाही जोडून मिळतो.

पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने भाडं मारणाऱ्या मित्रांसाठी एवढंच, की खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. त्या फेरीत अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारते. सेकंड-हँड घेणाऱ्यांनी आरसीसोबत पॉलिसीही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करावा. जुन्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीची प्रत आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार मात्र जपून ठेवा.